पिंकीचे पाय आणि माझा नेम

पत्नी गेल्यानंतर सात महिने मी देवाशी एक शब्दही बोललो नाही. पूजा मात्र एक दिवस चुकवली नाही. सकाळी सहाला अंघोळ, दिवा, गंध, फुलं नसतील तेव्हा अक्षता. हात सगळं रीतसर करत आणि आत मी गप्प असे. तिच्या आजारपणात जेवढं मागता येतं तेवढं मागून झालं होतं. ते मिळालं नाही, तेव्हा पुढे काय बोलायचं हेच कळेना.

आम्ही मूळचे अलिबागकडचे, पक्के मासे खाणारे. तिला तर ताटात मासळी नसली की जेवल्यासारखंच वाटत नसे. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या नावाने मासे सोडले, वर्षश्राद्धापर्यंत. नुसते खायचेच नाहीत असं नव्हे, घरातसुद्धा आणायचे नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावाने आवडीची वस्तू सोडण्याची आमच्याकडे रीतच आहे. पण माझ्या नेमात प्रेमापेक्षा हट्ट जास्त होता, हे आज मला स्वच्छ दिसतं. देव माझं ऐकत नव्हता, म्हणून मी त्याला माझी शिस्त दाखवत होतो. आणि नऊ वर्षांच्या रेवाला, आमच्या एकुलत्या एका मुलीला, न विचारताच त्या नेमात धरलं होतं.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मी आखातात एका तेलकंपनीत नोकरीला होतो आणि आम्ही फिंतासला समुद्राजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. रेवा आईसाठी रडली नव्हती. शाळेतून यायची, गृहपाठ करायची, विचारलं तर इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर द्यायची. तिला जरा बाहेर न्यावं म्हणून एका शुक्रवारी मी तिला शुवैखच्या बाजूला भरणाऱ्या बाजारात घेऊन गेलो. तिथे एका खोक्यात रंगवलेली कोंबडीची पिल्लं होती, हिरवी, निळी, गुलाबी. रेवा खोक्याजवळ बसली ती उठेचना. कित्येक महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. गुलाबी पिल्लू घरी आलं आणि त्याचं नाव पिंकी झालं.

विक्रेत्याने पिल्लाच्या खाण्याची पिशवीही दिली होती. मला छापलेलं काहीही वाचल्याशिवाय राहवत नाही. घरी येऊन मी पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात माशांचा चुरा. पिशवी मी तशीच खाली नेऊन इमारतीच्या हारीसला, म्हणजे रखवालदाराला, दिली. त्याची कबुतरं होती. पिंकीला आमच्यासारखाच मऊ भात आणि दुधात कुस्करलेली पोळी सुरू झाली. निष्पाप जीव आहे, सात्त्विक खाईल, असं मी मनाशी म्हटलं. त्यात मला थोडा अभिमानही वाटला.

तीन आठवड्यांत गुलाबी रंग उडू लागला, खालून पांढरी पिसं आली आणि पिंकीच्या पायांची बोटं आत वळू लागली. आधी डाव्या पायाची, मग दोन्ही. मूठ आवळावी तशी. ती तळव्यावर उभी राहीना, गुडघ्यांवर सरपटत वाटीपर्यंत यायची आणि बऱ्याचदा वाटेतच कलंडायची. मी रेवाबरोबर तिला घेऊन पुन्हा बाजारात गेलो. विक्रेत्याने तिला उलटी धरून पाहिलं आणि हसून म्हणाला, "माफी मुश्किल, सदीक," म्हणजे काही हरकत नाही, दोस्ता. "ये फेंक दो, दूसरा ले जाओ." त्याने खरंच एक हिरवं पिल्लू पुढे केलं. रेवाने पिंकीला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, विल शी डाय टू?"

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. आईच्या वेळी मी तिला सांगितलं होतं की आई बरी होईल. आता पुन्हा तेच कोणत्या तोंडाने सांगणार? घरी आल्यावर देवघरासमोर उभा राहिलो, पण तिथेही तोंड उघडलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी बेल वाजली. दारात हत्यारांची पेटी घेतलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. एसी दुरुस्तीला आलोय म्हणाला. मी एसीवाल्याला बोलावलंच नव्हतं. शेजारची इमारत आमच्याच मालकाची, रंग तोच, मजला तोच, दाराचा नंबरही तोच. तो इमारत चुकला होता. माझं हिंदी ऐकून त्याने विचारलं, "मराठी काय?" आणि आपण कुडाळकडचा असल्याचं सांगितलं. एवढ्यात हॉलमध्ये सरपटणाऱ्या पिंकीकडे त्याची नजर गेली. पेटी खाली ठेवून, चपला काढून तो सरळ आत आला आणि तिच्यापाशी उकिडवा बसला.

"साहेबानू, ह्येका खावक काय घालतास?"

"भात. दूध-पोळी."

"आणि सुकट? बोंबलाचा चुरो?"

"आमच्या घरात यंदा मासे येत नाहीत."

तो म्हणाला, "कोंबडी ती साहेबानू, भटजी न्हय!" रेवा फिसकन हसली. त्याने तिच्याकडेही नीट पाहिलं, तिच्या हडकुळ्या मनगटांकडे, आणि तेवढ्याच सहजपणे विचारलं, "आणि ह्या चेडवाक काय घालतास? ता पण तसाच दिसता."

मला राग आला.

त्याच्या आईने गावी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या. पाय अजून मऊ आहेत, वळतील, असं तो म्हणाला आणि त्याने जाडसर पुठ्ठा मागितला. रेवा आतल्या खोलीत गेली आणि आईच्या औषधांच्या खणातून एक खोकं घेऊन आली. तो खण मी सात महिने उघडला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्याने खोक्यातल्या गोळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि पुठ्ठ्याचे दोन छोटे तळवे कापले. पिंकीचं एकेक बोट सरळ करून त्याने ते पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने बसवलं. एसीचे पाइप गुंडाळणारे ते राकट हात, पण पिल्लू एकदाही ओरडलं नाही. मग गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो कसल्यो?"

"शक्तीच्या. बी-कॉम्प्लेक्स."

"मगे ठेवल्यास कोणासाठी? चिमूटभर कुटून पाण्यात घाला."

उठताना त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली. गावाहून आलेल्या मित्राने आणलेली सुकट, तो ती घेऊनच कामावर निघाला होता. तिच्यातली मूठभर काढून त्याने पुढे केली. धुवून मीठ काढा, भाजा, कुटा, असं सांगितलं. मी हात पुढे केला नाही. त्याने वाद घातला नाही. सुकट एका कागदात बांधून दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवली आणि शेजारच्या इमारतीत गेला.

दुपारपर्यंत ती पुडी बाहेरच होती. पुठ्ठ्याचे बूट घातलेली पिंकी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यासमोरचा भात तसाच पडून होता. रेवा माझ्यावर चिडली नाही. फक्त म्हणाली, "आई वुड हॅव गिव्हन इट." त्यात आरोप नव्हता. तिला आई जशी माहीत होती तसं तिने सांगितलं. आणि ते खरं होतं. उपाशी पिल्लासमोर बसून नेम सांभाळणारी ती बाई नव्हतीच. मी तिच्या नावाने जे करत होतो त्यात ती कुठेच नव्हती.

मी देवघरासमोर गेलो. हात जोडले नाहीत. नुसतं म्हटलं, "माझ्याने हे होत नाही. नेम मोडतोय. पिल्लू तुझं, मुलगी तुझी, काय करायचं ते कर." सात महिन्यांनी बोललो ते एवढंच, आणि तेही काही गोड आवाजात नव्हे. पण बोलून झाल्यावर छातीवरचं मोठं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. पुडी आत आणली, सुकट धुतली, तव्यावर टाकली. तो वास घरभर पसरला. रेवा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिने तव्यावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, मग दुसरा, आणि चावता चावता ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर तिला घेऊन बसलो. पिंकीचं खाणं त्या दिवशी थोडं उशिरा झालं.

पाचव्या दिवशी पुठ्ठे बदलले, आठव्या दिवशी काढले. उजवा पाय सरळ झाला होता. डाव्याचं एक बोट वाकडंच राहिलं, ते शेवटपर्यंत तसंच होतं. पिंकी लादीवर उभी राहिली, दोन पावलं अडखळली आणि मग बाल्कनीच्या दारापर्यंत चालत गेली. तिथून मागे वळून आमच्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं की जणू आम्हीच उगाच काळजी करत होतो.

अशा अनुभवांतला मदतीला आलेला माणूस पुन्हा कधी दिसत नाही, असं मी बऱ्याचदा वाचलं आहे. माझा तर पुढच्याच शुक्रवारी जेवायला आला आणि माझ्या माशांच्या कालवणात तिरफळं नाहीत म्हणून नावं ठेवून गेला. हा चमत्कार होता का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. पिशवीवरची अक्षरं मी वाचण्यात चुकलो नव्हतो, समजण्यात चुकलो होतो. ती चूक सुधारायला एक भला माणूस नेमका इमारत चुकला. मला तेवढं पुरतं.

पिंकी पाच वर्षं जगली. बाल्कनीत अंडी घालत असे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी मी आनंदाने ऐकून घेत असे. ती गेली तेव्हा रेवा चौदा वर्षांची होती. आम्ही दोघांनी तिला अम्गराच्या पुढे वाळवंटाच्या कडेला पुरलं. पिंकीबद्दल मी आधीपासून काही खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी मला रेवाच्या डोळ्यांत बघता आलं. तिने विचारलं, "बाबा, प्रार्थना करायची?" मराठीत विचारलं. मी हो म्हटलं आणि दोघांनी हात जोडले. मी काही मागितलं नाही. जे पाच वर्षं आमच्या घरात चाललं, वाकड्या बोटासकट, त्याबद्दल आभार मानले आणि आम्ही घरी आलो.