वैरागला धाडलेली शेळी

जगात माणूस आणि शेळी असे दोन निरनिराळे प्राणी आहेत, ही गोष्ट आमच्या शेळीवाल्या मावशींना शेवटपर्यंत कुणी पटवून देऊ शकलं नाही. भवानी पेठेतल्या आमच्या घरी त्या शेळी घेऊनच येत, पायरीवर बसून समोर धार काढत आणि धार काढता काढता घरातल्या माणसांची पारख करत. आमचे यजमान गिरणीच्या हाफिसात कारकून. मावशींनी त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "वैनी, मालकांस्नी जंताचं औषद द्या. केस बगा कसा राठ झालाय." शेळीशी मात्र त्या अगदी अदबीनं वागत. गंगू तिचं नाव. तिनं दूध कमी दिलं की, "रुसलीया आज. कुणी काय बोललं व्हय तिला?" असं आम्हालाच दरडावून विचारत.

त्यांचा रतीब सुरू झाला तो माझ्या नामुष्कीपायी. थोरल्या मुलाच्या वेळी घरच्या रिवाजाप्रमाणे पहिले तीन दिवस बाळाला मधाचं बोट दिलं आणि माझा चीक पिळून टाकून दिला. चौथ्या दिवशी बाळाला छातीशी धरलं, तर ते तोंड फिरवून रडे, मी त्याच्याहून मोठ्यानं रडे आणि भोवती जमलेल्या सात-आठ बायका एकदम सल्ले देत. महिन्याभरात माझं दूध आटलं. मुलगा गंगूच्या दुधावर चांगला गुटगुटीत झाला. पण धार निघताना वाटी धरून उभी राहिले की मला दर वेळी वाटे, हे काम माझं होतं. फार लागलं होतं ते मनाला. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी आधीच मावशींना म्हटलं, "गंगू व्याली की रतीब आमचाच हं."

"मिळायचा न्हाय," मावशी म्हणाल्या. "गंगूला वैरागला लेकीकडं धाडतीया. औंदा तुमीच पाजायचं."

"मला नाही हो जमत, मावशी."

"पैल्या वेताला शेळी बी बुजती, वैनी. म्हणून ती आई न्हाय व्हय?"

सातव्या महिन्यापासून मावशींनी माझी तयारी हाती घेतली. रोज शेवग्याच्या पाल्याची जुडी येई. गंगू जाईपर्यंत जुडीतला पहिला घास तिचा, उरलेल्याची भाजी माझी. पण खरी लढाई चिकाची होती. सासूबाईंपुढे रिवाजाविरुद्ध बोलण्याची आमच्यात कुणाची छाती नव्हती. एका दुपारी मावशींनी कुठून तरी लोटीभर म्हशीचा चीक आणला. खरवस म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. त्यांनी लगबगीनं वेलदोडा घालून तो उकडला, पहिली वडी तोंडात टाकली आणि पायरीवरून आवाज आला, "थोरल्या बाई, चीक वंगाळ असतुया न्हवं? मग रेडकाच्या तोंडचा तुमी कसा खाताय?" सासूबाईंनी वडी कशीबशी गिळली आणि म्हणाल्या, "वेलदोडा जास्त झालाय." पण माझ्या बाळंतपणाच्या दिवशी मधाची बाटली घरभर शोधूनही सापडेना. ती सासूबाईंच्या फडताळात होती आणि फडताळाची किल्ली त्यांच्या कमरेला.

मुलगी झाली. मावशी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला हाकलू लागल्या, "लांब व्हा! गर्दीत शेळी पान्हा चोरती." मी मुलीला छातीशी धरलं. तिनं तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. "मावशी, गंगूला आणवा," मी रडत म्हणाले.

"वैराग लई लांब हाय. घाई कुणाला हाय? धरा परत."

तिसऱ्यांदा मुलीनं तोंड उघडलं आणि चुरूचुरू आवाज यायला लागला. "लागली की!" मावशी ओरडल्या आणि पदरानं नाक पुसू लागल्या.

बाराव्या दिवशी न्हाऊन मी परसात आले, तर कुडापलीकडून ओळखीचं बें बें ऐकू आलं. शेजारच्या विणकरांच्या परड्यात गंगू बांधली होती, करडासकट, पुढ्यात पाला टाकून. शेजारीण म्हणाली, महिना झाला, इथंच आहे की, आजवर पलीकडच्या अंगाला बांधत होतो. मी मावशींना जाब विचारला. पहिल्यांदाच त्यांनी नजर चुकवली. "तुमाला न्हाय जमलं असतं तर प्वार उपाशी ठिवायची व्हय? पर दारात दिसली असती, तर तुमी धीर सोडला असता."

मुलीला गंगूची गरज पडली नाही. तरी मावशी येत राहिल्या. पायरीवर बसून मुलीचं पिणं बघत आणि "ओढ चांगली हाय" म्हणून उठून जात. पुढे गंगूला घेऊन त्या करमाळ्याकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

आता त्याच मुलीला सातवा लागलाय. बाळंतपणाला ती माझ्याकडे आली आहे आणि मी रोज शेवग्याचा पाला आणते. जुडी सोडली की पहिला घास हात आपोआप बाजूला काढतो. तो घेऊन मी पायरीपर्यंत जाते आणि मग आठवतं, की दारात कुणी नाही.