कानातलं कुसळ

शिवाअण्णांचा शिकारी कुत्रा वाघ्या असा पळतो, की त्याची सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचते. आज उसातल्या रानडुकराला पिटाळून आला आणि नुसती मान झटकत राहिला. अण्णांनी तांब्या बाजूला ठेवला. आधी कुत्र्याचे पंजे आणि कान चाचपायचे, मगच स्वतः पाणी प्यायचं, हा त्यांचा नेम.

"कुसळ आत सरकलं तर कान गेला. डुक्कर मागून आलेलं कळायचं कसं?"

"डुकरालाच शीळ घालायला सांगा की, अण्णा!" मी म्हणालो.

"गप बस, पाय धर त्याचे."

चिमट्यातून कुसळ निघालं. गावात सांगताना मी ते भाल्याएवढं करणारच. पण सुळ्यांना न भिणाऱ्या जिवाला जेरीस आणायला गवताचं एवढंसं टोक पुरतं, हे फुगवून सांगावं लागत नाही.

वाघ्या दोन्ही कान टवकारून पुन्हा उसाकडे सुटला. मी अजून माझाच कान चाचपतोय.