त्रास देऊ नका

माझ्या भावजयीला हॉटेलात सगळे घाईबाई म्हणायचे. एका पाळीत चौदा खोल्या, एका खोलीला पंचवीस मिनिटं. त्यात चादरी, उशा, टॉवेल, आरसा, संडास, कचरा, सगळं आलं. ती बावीस मिनिटांत बाहेर पडायची. हल्ली ती तळघरातल्या लाँड्रीत माझ्या शेजारी उभी राहून घड्या घालते, पगारही कमी झालाय. वरचे लोक म्हणतात, घाईबाईला काम झेपलं नाही. झेपलं नाही म्हणे! असं कानावर आलं की माझं डोकं फिरतं, म्हणून काय घडलं ते सांगतेच.

तिला तिथे चिकटवली मीच. मी लाँड्रीत वीस वर्षं काढलेली, मोठी नणंद, म्हणजे माझा शब्द तिने मोडायचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षं मजेत गेली. पाहुण्यांच्या सोडून दिलेल्या चपला, अर्धवट वाचलेली पुस्तकं, यांच्या गोष्टी सांगून ती आम्हाला हसवायची. मग गेल्या वर्षी ती एका खोलीत शिरली.

नियमाप्रमाणे तिने तीनदा दार वाजवलं, 'साफसफाई' म्हणून हाक दिली आणि कार्डाने दार उघडलं. टीव्ही चालू होता. पाहुणे खुर्चीत बसलेले. ही म्हणाली, "नमस्कार साहेब, दोन मिनिटांत आवरते." त्यांच्यासमोरचं टेबल पुसलं, पायाखालचा कागद उचलला, पुन्हा एकदा "नमस्कार" म्हणाली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ते टीव्हीकडे बघतायत, पण पापणी हलत नाहीये. ते रात्रीच गेले होते.

डॉक्टर आले, खोलीला कुलूप लागलं. सुपरवायझरबाईंनी हिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या अजून सहा खोल्या राहिल्यात हं." हिने त्या सहाही केल्या. हे कानावर आलं तेव्हा माझ्या हातात ओल्या चादरींचं गाठोडं होतं, नाहीतर मी त्या बाईला काय ऐकवलं असतं देव जाणे.

त्या दिवसापासून तिला बंद दाराची भीती बसली. दारापाशी गेली की आत टीव्ही चालू नसला तरी तिला टीव्ही ऐकू यायचा. घरीसुद्धा माझा भाऊ आंघोळीला जरा जास्त वेळ लावायला लागला की ही बाहेरून दार बडवायची, आणि तो साबणाचा फेस घेऊन ओरडायचा, "अगं जिवंत आहे मी!" आम्ही हसायचो. आमचंही चुकलंच.

मग तिने एक युक्ती काढली. पाहुण्याला झोपायचं असेल तर तो दाराला लाल पाटी अडकवतो, 'त्रास देऊ नका'. पाटी असली की दुपारी तीनपर्यंत त्या दाराला कोणी हात लावायचा नाही. हिने एक लाल पाटी एप्रनच्या खिशात ठेवली. ज्या दाराची फारच धास्ती वाटेल त्याला स्वतःच लावायची. पाहुणा चालता-बोलता समोर दिसला की पाटी काढायची आणि खोली लख्ख करायची. तिने काम कधी चुकवलं नाही, दार चुकवलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दरम्यान मालकांना कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी वाटू लागली. माणसं वाढवली नाहीत, खोल्या कमी केल्या नाहीत, एक हसरी बाई बोलावली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तिने आम्हाला डोळे मिटायला लावले, चेहरे छापलेला कागद वाटला आणि कोणता चेहरा तुमचा त्यावर खूण करा म्हणाली. सगळ्यांनी हसऱ्यावर केली, सुपरवायझर मागेच उभी होती. शेवटी ती म्हणाली, "भीती हा मनाचा खेळ आहे. काही भास झाला, तर शांतपणे दहा आकडे मोजा आणि पुढे चला."

माझी भावजय भाबडी. तिने ते मनावर घेतलं.

आठच दिवसांनी हे घडलं. शेवटच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई उतरल्या होत्या, एकट्याच, डोळे तपासायला आलेल्या. काठी टेकत चालायच्या. रोज सकाळी दार उघडून वापरलेला टॉवेल नीट घडी करून हिच्या हातात द्यायच्या. घडी इतकी चोख, की लाँड्रीत आली की मी ओळखायची. त्या दिवशी त्यांचा टॉवेल आला नाही.

एक वाजता भावजय जेवायला खाली आली. डबा उघडलाच नाही. चेहरा पांढराफटक.

"ताई," ती म्हणाली, "भास माणसाला 'अहो' म्हणतो का?"

"काय बोलतेस?"

"मला नेहमी टीव्हीच ऐकू येतो. आज दहा वाजता त्या आजींच्या दाराशी उभी होते, तर आतून 'अहो, कोण आहे?' असं आलं. अगदी बारीक. मी दहा आकडे मोजले. आणि पाटी लावून पुढे गेले."

"पाटी तू लावलीस?"

तिने खिसा उलटा करून दाखवला. रिकामा होता.

सुपरवायझरला फोन लावला, म्हटलं, दाराला पाटी आहे, तरी आजींची खोली उघडून बघा. "पाटी आहे ना? मग तीनपर्यंत नाही," म्हणाली आणि ठेवलाच. आम्ही दोघी वर निघालो. लिफ्टमध्ये हिचे दात एकमेकांवर आपटत होते. मी म्हटलं, "कार्ड दे, मी उघडते."

"नको. तुम्ही फक्त मागे उभ्या राहा."

लाल पाटी दाराला लटकत होती. तिने ती काढली, तीनदा दार वाजवलं. आत काही हालचाल नाही. तिने कार्ड लावलं, दार ढकललं, आणि आतला टीव्ही खरोखरच चालू होता.

ती तिथेच थिजली. मला वाटलं, आता ही कोसळते. मीही काही शूर नाही, पण तिचा हात धरला. खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराच्या उंबऱ्यात काठी पडलेली. तिने माझा हात सोडला, आणि एक-एक पाऊल टाकत आत गेली.

आजी फरशीवर पडल्या होत्या. एक पाय भलताच वळलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले. डोक्याखाली टॉवेल होता, घडी केलेला. डोळे उघडे होते. भावजय त्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि मग पापणी हलली.

"पाणी," आजी म्हणाल्या.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. तोवर सुपरवायझरबाई धापा टाकत आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "दाराला पाटी होती, म्हणून कोणी आलं नाही. आमची चूक नाही."

"मी पाटी लावली नव्हती," आजी हळूच म्हणाल्या.

भावजय त्यांना ओल्या रुमालाने थेंब-थेंब पाणी पाजत होती. ती गप्प राहिली असती, तर पाटी कोणी लावली हे कधीच कळलं नसतं. मी मान हलवून तिला 'बोलू नकोस' म्हणून खुणावलंदेखील. लाज वाटते, पण खुणावलं.

"मी लावली," ती म्हणाली.

आजींनी मान जरा वळवली. "सकाळी दाराशी पावलं आली होती. मी हाक मारली. पावलं थोडा वेळ थांबली, आणि गेली. त्या तुम्हीच का?"

"हो. मीच. मला भीती वाटली."

आजींनी डोळे मिटले. आता त्या काय बोलतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी चाचपडत भावजयीचं मनगट शोधलं आणि गच्च धरलं.

"मलाही वाटतेय," त्या म्हणाल्या. "आता जाऊ नका."