काकूंच्या मापाचा ओटा

टेपकाकांना माणसाचे आधी खांदे दिसत, चेहरा नंतर. गळ्यात कायम मोजायची टेप, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. पोस्टमनचा एक खांदा पिशवीनं उतरलाय, समोरच्या औषधवाल्याचं पोट वर्षभरात बरंच पुढे आलंय, अशा सगळ्या चौकशा त्यांचे डोळे परस्पर उरकून टाकत. याला भोचकपणा म्हणायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणत, "भोचकपणाच आहे. फक्त टेप लावून केलेला."

घराची पुढची खोली म्हणजे काकांचं दुकान. तिथे शिलाई मशीन आणि कटिंगचं टेबल. हे टेबल करून घेताना काकांनी सुताराला अगदी जेरीस आणलं होतं. पाय काप, पट्टी ठोक, पुन्हा काप. शेवटी असं टेबल झालं की दिवसभर उभं राहून कापड बेतलं तरी पाठ वाकायची नाही. या वयात काका काठीसारखे ताठ होते, ते त्या टेबलाच्या कृपेनं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक माप देणारं आणि दुसरं जुना कपडा आणून "ह्या मापाचा शिवा" म्हणणारं. दुसऱ्या तऱ्हेचं आलं की काका एक प्रश्न विचारल्याशिवाय कपड्याला हात लावत नसत. "हा नीट बसतो ना?" कारण जुना चुकलेला असला की नवाही तसाच चुकतो, आणि खापर शिंप्याच्या डोक्यावर फुटतं.

तर काकूंची पाठ धरायची. स्वयंपाक उरकला की त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहत आणि कोणी विचारलं तर "वय झालं" म्हणत. त्यात सिंकखालचा पाइप गळायला लागला, फरश्या फुगल्या, तेव्हा काकांनी ठरवलं की आता सगळं स्वयंपाकघरच नवं करायचं. काकू लेकीच्या बाळंतपणाला परगावी निघाल्या होत्या, म्हणजे मुहूर्त आयताच.

निघताना काकूंनी विचारलं, "ओटा कसला करताय?"

"तुझ्या मापाचा. पाठीनं कुरकुर करता कामा नये."

"माझं माप ठाऊक आहे तुम्हाला?"

"गावाला कपडे घातले मी!" काका म्हणाले. काकू हसल्या आणि गाडीत बसल्या.

गवंड्यानं आठवड्यात जुना ओटा फोडला, फरश्या उखडल्या, मातीची पोती जिन्याखाली रचली आणि विचारलं, "काका, नव्या ओट्याची उंची किती ठेवू?" काका म्हणाले, "उद्या सांगतो." तो उद्या काही उगवला नाही. साथ आली, रस्ते बंद झाले, गवंडी त्याच्या घरात अडकला, काकू लेकीच्या घरात आणि काका या धुळीच्या राज्यात.

शेगडी कटिंगच्या टेबलावर आली. एका टोकाला कात्री, खडू, मास्कसाठी कापलेल्या पट्ट्या, दुसऱ्या टोकाला भात. गल्लीसाठी मास्क शिवायचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं खरं, पण त्यांचा जीव रमेना. सगळ्यांना एकच माप! ना खांदा, ना पोट, ना कोणाचं काही कळायची सोय. आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकांच्या डोळ्यांची उपासमार सुरू झाली.

मग ते डोळे वळले त्या उजाड स्वयंपाकघराकडे. आणि काकांना कोडं पडलं की आपली बायको नेमकी केवढी आहे? खांद्याला लागते? की कानाला? ते डोळे मिटून तिला आठवायला लागले, तर दिसायचा तो हात, कप पुढे करणारा. पोस्टमनचा खांदा झोपेतसुद्धा सांगता आला असता. फोन करून विचारायचं म्हटलं तर नाक कापलं जाणार. शिंप्यानं बायकोचं माप बायकोला विचारायचं?

तेव्हा काकांनी वेगळा तपास सुरू केला. ओटा गेला तरी भिंती जागेवर होत्या, आणि भिंतींवर काकू होत्या. जिथे उभं राहून त्या भाजी चिरायच्या, तिथे डाव्या कोपरानं घासून घासून रंग उडाला होता. कपाटाच्या कडेला खांदा टेकल्याचा तेलकट डाग होता. दूध उतू जाऊ नये म्हणून राखण करताना टेकत असतील. काका कोपराच्या डागासमोर उभे राहिले, गुडघे वाकवून आपलं कोपर तिथे लावून पाहिलं, जमिनीपासून टेप धरली. त्यांना फार मजा वाटली. इतकी वर्षं ही बाई इथे उभी होती आणि आपण आत डोकावलो ते फक्त "झालं का?" विचारायला, हेही मनात आलं आणि जरा टोचलं.

भिंत म्हणजे मापाला दिलेला जुना कपडाच, असं त्यांनी ठरवलं. कोपराच्या डागाखाली वीतभर अंतर सोडलं की ओटा. हिशेब आला तो जुन्या ओट्यापेक्षाही बोटभर खाली. "बघ," काका रिकाम्या खोलीला म्हणाले, "ओटा उंच होता, म्हणून तिची पाठ धरायची." स्वारी खुशीत आली. त्या संध्याकाळी भात लागला तरी त्यांनी तो आवडीनं खाल्ला.

निर्बंध सैल झाले तसा गवंडी मास्क लावून आला. त्यानं माप ऐकलं आणि विचारलं, "काका, काकू एवढ्या बुटक्या आहेत?"

"तू विटा रच. मापाचं माझ्यावर सोड."

त्यानं गुमान विटांचे आधार उभे केले. वरचा दगड परवा बसवायचा ठरला. एकदा तो बसला की जन्मभर हलणार नव्हता.

नेमक्या दुसऱ्या दिवशी काकू आल्या. हातपाय धुतले, कपडे बदलले, बाळाचं नाक कोणावर गेलंय ते सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात गेल्या. विटांच्या आधारावर हात ठेवला. हात ठेवायला त्यांना थोडं वाकावं लागलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"भिंतीवरून माप काढलं. तुझ्या कोपराचा डाग होता ना, त्यावरून!"

"हो का?" काकू हसल्या. "बसा तुम्ही, चहा करते."

त्या पुढच्या खोलीत आल्या, कटिंगच्या टेबलावरची कात्री बाजूला सारली आणि शेगडी पेटवली. काका मशीनच्या स्टुलावर बसून बघत होते. गल्लीत माणसं नव्हती म्हणून उपाशी राहिलेले ते डोळे आता जेवायला बसल्यासारखे बघत होते, आणि त्यांना काहीतरी खटकलं. टेबलापाशी एक उंच बाई उभी होती. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, चपला असतील म्हणून. पाय अनवाणी होते. मान वर, खांदे मागे, पाठ सरळ. कोपरं टेबलाच्या वर, अंगालगत, मोकळी.

"तू उंच झालीस?" काकांनी विचारलं.

"या वयात?" काकू चहा ढवळत म्हणाल्या. "टेबल मात्र झकास आहे हो तुमचं. इथे बरं वाटतंय उभं राहायला."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. ते कोपर ताठ उभ्या बाईचं नव्हतंच. ठेंगण्या ओट्यावर वाकून वाकून जो डाग पडला होता, त्याचं माप घेऊन ते तिला आणखी वाकवायला निघाले होते. आणि बाजूच्याच खोलीत स्वतःसाठी हे टेबल, सुताराला रडवून केलेलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते उठले, गळ्यातली टेप काढली. "सरळ उभी राहा."

"अहो, चहा उतू जाईल."

"जाऊ दे."

काकू गॅस बंद करून उभ्या राहिल्या. काकांनी टेप जमिनीला टेकवली आणि तिच्या कोपरापर्यंत नेली. तिचे ब्लाउज लग्नापासून तेच शिवत आले होते. दरवेळी ती जुना ठेवून जायची, ते नवा करून द्यायचे. हे त्यांना आठवलं आणि टेप हातातच राहिली.

"हा ब्लाउज," ते म्हणाले, "नीट बसतो ना?"

काकूंनी खांदा जरा हलवून पाहिला.

"खांद्यात ओढतो," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासूनच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कधी?"

काकांनी फोन उचलला आणि गवंड्याला लावला. "दगड आणू नकोस अजून. ओटा वर घ्यायचाय."

"बघा, मी म्हणत होतो! किती घेऊ वर?"

काकांनी हातातल्या टेपवरचा आकडा वाचला. मग टेप गुंडाळून टेबलावर ठेवली.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिला विचारून सांगतो."