नेटचा वेग बघणारा
मी सातवीत शाळा सोडली. आता अंदमानातल्या एका बेटावर गेस्ट हाऊसात स्वयंपाक करतो. तिथं लॅपटॉपवर नोकरी करणारा एक इस्लामपूरचा पोरगा राहतो. वारा, बोट, नेटचा वेग, सगळं तो मोबाइलच्या ॲपवर बघतो आणि स्वयंपाकघरात डोकावून सांगतो, "मामा, नेट आज लय दमलंय."

म्हसवडला आईचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी माझ्या फोनला रेंजच येईना. तो पोरगा लॅपटॉपवर आपल्या साहेबाशी इंग्रजीत बोलत होता. माझं तोंड बघून त्यानं ॲप उघडलं. "दोघांपुरतं नेट न्हाई," म्हणाला आणि स्वतःचीच मीटिंग बंद करून मला आईचा व्हिडिओ कॉल लावून दिला.

पडद्यावर आईला आधी तोच दिसला.

"जेवलास का रं, लेकरा?"

"व्हय, आई," तो म्हणाला.

काळजीनं मी अजून गॅससुद्धा पेटवला नव्हता.