तापल्यावर जाणारी ठिणगी

माझ्या नवऱ्याची मोटारसायकल इंग्लंडमध्ये बनलेली आहे आणि वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठी आहे. लग्नाआधी त्यांनी ती सिकंदराबादच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून घेतली होती. मी नांदेडहून लग्न होऊन हैदराबादला आले, तेव्हापासून ती हिमायतनगरच्या आमच्या इमारतीखाली, जिन्याशेजारी उभी आहे. रविवारी ते ती उघडून बसत आणि मी वरून चहाला हाका मारत असे. तिच्याशी माझा संबंध एवढाच.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. या गाडीचे गिअर उजव्या पायाशी, ॲक्सिलरेटर उजव्या हाताशी. पुढे पाय सुधारला, काठी घेऊन चालू लागले, पण हाताची बोटं मिटेनात. त्याहून वाईट म्हणजे शब्द चुकायला लागले. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे, आणि चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळायचं. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत, चित्रांची कार्डं दाखवत. सफरचंद, गाय, छत्री. ते मान फिरवून भिंतीकडे बघत बसत.

एका संध्याकाळी वर फार उकडत होतं म्हणून मी त्यांना खाली आणलं आणि गाडीजवळ खुर्ची टाकून दिली. धूळ पुसताना माझा फडका इंजिनाच्या मागच्या एका गोल डब्यावर गेला.

"मॅग्नेटो," ते म्हणाले.

शब्द अगदी स्वच्छ आला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच. फडका पुढे नेला.

"आणि हे?"

"कार... कार्बोरेटर."

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आले की मी फडका घेऊन खाली जायची. सुट्या भागांची नावं संपली तेव्हा त्यांना वाक्यं लागू लागली. हा नट ढिला कर. असा नाही, उलटा. पान्याला ते अजून चमचा म्हणत, पण कुठला चमचा ते मला कळायचं.

पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, विकून टाका ना ती. बाबा आता चालवणार आहेत का?"

"मी चालवेन," असं माझ्या तोंडून गेलं. तोवर माझ्या मनातही ते नव्हतं.

मी स्कूटर चालवणारी बाई. ही गाडी बटणावर सुरू होत नाही. आधी किक हळू दाबून इंजिन जिथे अडतं ती जागा पायाने शोधायची, ती किंचित ओलांडायची आणि मग अंग टाकून लाथ मारायची. पहिले काही दिवस पोटरी सुजली. ते खुर्चीतून डाव्या हाताने खुणा करत. एक दिवस ती धडधडली आणि पूर्ण जिना घुमला.

पण रस्त्यावर काढली की नारायणगुड्यापर्यंत छान जायची आणि तापली की बंद पडायची. झाडाखाली थांबून थंड झाली की परत सुरू, जणू काही झालंच नाही. तापली की पुन्हा बंद. दर वेळी अर्धी वाट मी ती ढकलत आणायची.

"पेट्रोल," ते ठामपणे म्हणत. "कचरा."

टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक सुईने मोकळं केलं. फरक शून्य. मग पुढच्या खेपेला ती बंद पडल्या पडल्या मी रस्त्याकडेलाच प्लग काढला. तो ओला होता, पेट्रोलने भिजलेला. तो तसाच रुमालात गुंडाळून घरी आणला आणि त्यांच्या नाकाशी धरला.

"अहो, पेट्रोल तर पोचतंय."

त्यांनी वास घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ठिणगी."

ठिणगी मॅग्नेटोतून येते, त्याला बॅटरी लागत नाही. पण थंड असताना ती निळी, झकास पडत होती. तापल्यावरच जात असेल तर घरात बघायची कशी? मुलीचं केस वाळवायचं यंत्र कपाटात पडून होतं. मी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली आणि मॅग्नेटोवर गरम हवा सोडली. प्लग बाहेर काढून इंजिनावर टेकवला आणि हाताने किक फिरवत राहिले. निळी ठिणगी हळूहळू पिवळी झाली, मग बारीक, मग दिसेनाच.

"गेली," ते म्हणाले, आणि हसले. आजारपणानंतर असं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आतल्या तारांचं वेटोळं जळकं झालं होतं, तापलं की हात टेकत होतं.

अफझलगंजला अशी वेटोळी नव्याने गुंडाळून देणारे एक चाचा होते. त्यांनी डबा हातात फिरवून पाहिला. "परसों आके ले जाओ, अम्मा," म्हणाले. हैदराबादी परसों म्हणजे येणारा कुठलाही दिवस, हे इथे राहून मला माहीत होतं. मी दर शनिवारी चक्कर मारली आणि एका शनिवारी ते खरंच तयार होतं.

बसवणं माझ्यासाठी सोपं नव्हतं. ठिणगी नेमक्या क्षणी पडायला हवी. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडून पिस्टन कुठे आहे ते बघायचं, आणि त्याच जागी मॅग्नेटोचे दोन पॉइंट उघडायला हवेत. त्यांनी त्या पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी अडकवायला लावली; पॉइंट उघडले की ती सुटणार.

"तू फिरव. कागद मी धरतो."

मी मागचं चाक केसभर केसभर फिरवत होते. ते डाव्या हाताने पट्टी अलगद ओढून धरून होते, डोळे मिटून. पहिल्यांदा कागद लवकर सुटला, नंतर उशिरा. दुपार त्यातच गेली. शेवटी ते म्हणाले, "आता. इथेच घट्ट कर." मी नट आवळला.

आधी मी एकटीनेच ती भरपूर फिरवून आणली, मुद्दाम गर्दीतून. बंद पडली नाही. डॉक्टरांना विचारलं, फिजिओवाल्यांनी खालीच मागच्या सीटवर बसायचा सराव करून घेतला, आणि एका रविवारी आम्ही दोघे हेल्मेट घालून कुकटपल्लीच्या विहारात वंदनेला निघालो. त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा धरला होता. गतिरोधक आला की म्हणायचे, "हळू." अमीरपेटच्या सिग्नलला मला गिअर सापडेना, मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, तरी ते घाई कर म्हणाले नाहीत.

विहाराच्या फाटकात पोरंटोरं गाडीभोवती जमली. ओळखीचे एक काका पुढे आले, जयभीम घातला आणि त्यांना विचारलं, "कोणी दुरुस्त केली?"

ते काठी सावरत उतरत होते. "आम्ही," म्हणाले, आणि चपला काढायला लागले.