मॅग्नेट कव्हरवरची दस्ती

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःला लख्ख पाहिलं पाहिजे, असं सगळे थोर लोक सांगून गेले. माझ्या थोरल्या भावाने ते फारच मनावर घेतलं. फक्त त्यासाठी त्याने मोटरसायकलचं इंजिन निवडलं.

दादा नांदेडला राहायचा, मी लातूरला कॉलेजात शिकवते. सरकारी कचेरीतून निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल, नारळ आणि बरीच विशेषणं मिळाली. नारळाची चटणी झाली. शालीचे त्याने चौकोनी तुकडे कापले. धातूवर शेवटचा हात फिरवायला तिच्याइतकं मऊ काही नाही, असं तो मला फोनवर गंभीरपणे म्हणाला. विशेषणांचा उपयोग त्याला सापडला नाही.

गच्चीच्या जिन्याखाली त्याने जुन्या कूलरची मोटर फळीवर ठोकली, तिला कापडाचं चाक बसवलं आणि आपल्या म्हाताऱ्या मोटरसायकलच्या इंजिनची दोन्ही झाकणं उतरवली. एकाला मेकॅनिक क्लच कव्हर म्हणतात, दुसऱ्याला मॅग्नेट कव्हर. अॅल्युमिनियमची ही झाकणं काळवंडून खरबरीत होतात आणि जगातली बहुतेक माणसं ती तशीच चालवतात. दादाला त्यांचा आरसा करायचा होता. आरशासारखी न्हाई, तो बजावायचा, आरसा.

काम सोपं आहे, फक्त संपत नाही. आधी जाड दाण्याचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे काढतो आणि आपले ठेवून जातो. राज्यकारभारावरच्या पुस्तकांत मी याहून वेगळं काही वाचलेलं नाही. शेवटी फिरत्या चाकाला लस्टर लावायचं, म्हणजे कपड्याच्या साबणासारखी एक हिरवी वडी, आणि झाकण त्यावर दाबून धरायचं. हात, बनियन, नाकपुड्या, सगळं काळं. मग ज्वारीचं पीठ चोळायचं, म्हणजे वरचं चिकट निघून येतं. आणि नेमका तेव्हा, उन्हात धरल्यावर, पहिल्या पेपरचा एक ओरखडा दिसतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

“भाकरीला पीठ पुरंना, आन् हे इंजिनला पावडर लावून राहिले,” वहिनी मला ऐकवायची. अर्थात त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

“अगं, तोंड दिसून राहिलं बघ ह्यात!”

“तुमचं दिसत असंल. काळं हाय म्हणून उठून दिसतंय.”

“मग कधी म्हणशील आरसा?”

“ज्या दिवशी ह्यात बघून मला कुंकू लावता येईल, त्या दिवशी. तवर ते झाकणच.”

हे त्याने कोर्टाचा हुकूम समजून घेतलं. क्लच कव्हर त्यात नापास झालं, ते त्याने निमूट इंजिनला बसवून टाकलं. मग मॅग्नेट कव्हर घेतलं. दर काही दिवसांनी तो ते पुसून स्वयंपाकघरात न्यायचा आणि वहिनी तव्यावरची भाकरी उलटवून त्यात वाकून बघायची. तिने कधीही न बघता निकाल दिला नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. हनुवटी दिसली. पुढं नाक दिसलं. एका सकाळी त्याचा फोन आला. मी तासाला निघाले होते.

“बये, भुवई आली!”

“कुणाची?”

“तुझ्या वहिनीची. आता नुसतं कपाळ राहिलं.”

कपाळ यायच्या आत तो गेला. जूनमध्ये. जिन्याखाली त्याच्यासाठी ठेवलेला चहा निवून गेला तरी उचलला नाही, म्हणून वहिनी बघायला गेली. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. फळीवर मॅग्नेट कव्हर पीठ पुसून, पालथं न घालता, वर तोंड करून ठेवलेलं होतं. तिला दाखवायचंच राहिलं होतं.

मी पोचले तोवर चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर शोकाकुल मंडळींचे फोटो दादाच्या फोटोपेक्षा मोठे होते, आणि दादा कुणाच्या तरी लग्नातला फेटा बांधून हसत होता.

आमच्यात सूतक मानत नाहीत, आणि मानत नाही याचा आम्हाला फार अभिमान आहे. आरसे मात्र झाकतात. देवणीहून आलेली म्हातारी चुलती चादरी आणि टॉवेल घेऊन घरभर फिरली. कपाटाचा आरसा झाकला, बेसिनवरचा झाकला. जिन्याखाली येऊन थांबली.

“हे बी झाका.”

“काकू, ते इंजिनचं हाय,” आमचा एक चुलतभाऊ म्हणाला.

“तोंड दिसतंय का न्हाई त्याच्यात?”

तो वाकला. “दिसतंय.”

“मग? इंजिनचा असू दे न्हाईतर कपाटाचा. आरसा तो आरसा.”

खिळ्यावर दादाची दस्ती लटकत होती, काम करताना तोंडावरचा घाम पुसायचा रुमाल. चुलतीने तीच काढून झाकणावर नीट पसरली. दादाला इतके दिवस ऐकायचा होता तो शब्द असा उच्चारला गेला. तोही मोतीबिंदू झालेल्या बाईकडून, म्हणजे अपिलात टिकला नसता. मी तोंडाला पदर लावून गच्चीवर गेले.

विधी आटोपल्यावर घरातले सगळे आरसे उघडले. ही दस्ती तशीच राहिली. पोळा झाल्यावर मी पुन्हा नांदेडला गेले, तरी तशीच. वहिनीच्या कपाळावर विभूती होती, कुंकू नव्हतं. कुंकू लावू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. लाव असंही कुणी म्हटलं नव्हतं.

“वहिनी, ते उघडून बघितलं का तुम्ही?”

“न्हाई, बाई.”

“का?”

तिने हातातली गवारीची शेंग मोडली. “दिसलं, तर सांगू कुणाला? आन् न्हाई दिसलं, तर येवढं घासत बसले ते काय उगाच?”

मीही मूठभर शेंगा ओढून मोडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून आली ती थेट जिन्याखाली गेली. हातात कुंकवाचा करंडा होता. चहाचा कप घेऊन मी दारातच उभी राहिले. तिने दस्ती दोन्ही हातांनी उचलली, घडी घालून खांद्यावर टाकली आणि वाकली. करंगळीशेजारचं बोट करंड्यात घातलं. तशीच वाकून राहिली. मग झाकण उजेडाकडे फिरवलं. पदराने पुसलं. पुन्हा फिरवलं.

मी जवळ गेले. झाकणावर पांढुरके ठिपके पसरले होते, कापडाच्या विणीसारखे, ओळीने. त्यात ती नव्हती, मीही नव्हते.

“अहो,” ती जिन्याकडे तोंड करून म्हणाली, पूर्वीच्याच चढ्या आवाजात, “न्हाई दिसत अजून!”

आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. बोटाला कुंकू तसंच होतं.

दस्ती त्याच्या घामाची होती, आणि घरात पावसाळ्याची ओल होती. घामात मीठ असतं, आणि मीठ अॅल्युमिनियमला खातं. अॅल्युमिनियमच्या भांड्यात लोणचं ठेवत नाहीत, ते याच कारणाने.